पायवाटेवरचं लाजाळू

१

जेवण झालं, ताट घासून पालथं घातलं, की चंद्रभान सर ओसरीवर येऊन वेताच्या खुर्चीत बसत. वर्षानुवर्षांचा नेम. बायको होती तेव्हाही हाच होता. फरक एवढाच की तेव्हा ताट घासावं लागत नसे आणि शेजारची खुर्ची रिकामी नसे.

घर ताडकळसच्या बाहेर, पूर्णेच्या रस्त्याला. सरांनी सगळं आयुष्य परभणीच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवण्यात घालवलं. निवृत्त झाल्यावर बायकोच्या, विजयमालाबाईंच्या, हट्टानं इथे तीन खोल्या बांधल्या. बाई पूर्णेच्या शाळेत शिकवायच्या, दुपारच्या बसनं परत यायच्या. पुढे ओसरी, ओसरीपासून लोखंडी फाटकापर्यंत शहाबादी फरशीची पायवाट, आणि पायवाटेच्या दोन्ही अंगांना लाजाळू.

लाजाळू सरांनीच आणलेलं. जन्मभर फळ्यावर शिकवलेलं झाड दारात असावं, एवढीच हौस. मूठभर बी टाकलं होतं, ते नळाच्या पाण्यावर पसरत पसरत फरशीच्या कडेला येऊन भिडलं. बारीक काट्यांचं, गुलाबी गोंड्यांचं. बाईंना ते कधी पटलं नाही. "लोक दारात तुळस लावतात, तुम्ही काटे लावलेत," असं म्हणत त्या निऱ्या उचलून वाटेवरून येत. त्यांचं पाऊल पडेल तशी दोन्हीकडची पानं मिटत जायची. "मिटा, मिटा," त्या झाडांना म्हणायच्या. "घरचं माणूस आलं की तोंडं फिरवा. सरांनी हेच शिकवलंय तुम्हाला."

गेल्या फाल्गुनात त्या नांदेडच्या दवाखान्यात वारल्या. पुढचं सगळं तिथेच उरकलं. फाटकाशी रिक्षात बसून गेल्या, त्या वाटेवरून पुन्हा आल्या नाहीत.

२

भाद्रपदातली एक दुपार. वारा पडलेला. समोरच्या सोयाबीनचं पानसुद्धा हलत नव्हतं. पूर्णेहून येणारी एसटी खडखडत गेली, तिचा धुरळा रस्त्यावर बसला, आणि सरांनी चहाचा कप तोंडाला लावला.

फाटकाच्या आत, डाव्या अंगाला, लाजाळूची दोन-तीन पानं मिटली.

सरांनी पाहिलं, पण मनावर घेतलं नाही. मग जरा अलीकडे, उजव्या अंगाला, तेवढीच मिटली. मग पुन्हा डावीकडे. मधली जागा तशीच उघडी. एकदा इकडे, एकदा तिकडे, माणूस रमतगमत चालावा तशी ती मिटण्याची ओळ फरशीच्या कडेकडेनं वर आली, ओसरीच्या पायरीशी पोचली आणि थांबली.

पायरीवर झाड नव्हतं. पुढचं काही दिसण्याजोगं नव्हतं.

सरांच्या ओठांना कपाची कड तशीच लागलेली होती. चहा प्यायचा राहून गेला होता.

"मांजर," ते मोठ्यानं म्हणाले.

अंगणात मांजर नव्हतं. उन्हात फरशी तापून पांढरी पडली होती. बऱ्याच वेळानं पानं उघडू लागली. आधी फाटकाजवळची, मग अलीकडची, सर्वांत शेवटी पायरीजवळची. आलेल्या क्रमानंच.

३

सर शिकलेले. शिकलेल्या माणसाला भीती वाटली की तो आधी कारणं शोधतो, आणि सरांनी शोधली.

लाजाळूचं पान काही लाजत नाही. देठाच्या बुडाशी एक फुगीर सांधा असतो, त्यातलं पाणी एका बाजूनं सरतं आणि पान ढेपाळतं. चरणाऱ्या जनावराला वाटावं, हे तर सुकलेलंच आहे. झाडाला पळता येत नाही म्हणून त्यानं केलेली ही युक्ती. पण त्यासाठी काहीतरी लागतं. स्पर्श लागतो, धक्का लागतो, निदान चटका तरी. वाऱ्यानं मिटली असती तर सगळा वाफा एकदम मिटला असता. बसच्या हादऱ्यानं मिटली असती तर रस्त्याकडची सगळी. सरडा, मुंगूस? सरडा असा एक डावं, एक उजवं टाकत चालत नाही.

दुसऱ्या दिवशी बस गेली, आणि ओळ पुन्हा आली. तिसऱ्या दिवशीही.

त्यानंतर एकदा सर खुर्ची सोडून खाली उतरले आणि पायवाटेच्या मधोमध, फरशीवर मांडी घालून बसले. ऐंशीला टेकलेला माणूस भर उन्हात अंगणात बसलेला कुणी पाहिला असता तर काय म्हटलं असतं, हा विचार त्यांच्या मनात येऊन गेला. बस आली, गेली. फाटकाजवळची पानं मिटली. ओळ जवळ येऊ लागली. सर श्वास रोखून बसले. त्यांच्यापासून हातभर अंतरावर ती थांबली.

मग त्यांच्या डाव्या हाताला, फरशीपासून आत, वाफ्याच्या मध्यावरची पानं मिटली. तिथे कधी कुणी चालत नसे. त्यानंतर त्यांच्या पाठीमागची. सरांनी मान वळवून पाहिलं, तोवर ओळ पुन्हा फरशीच्या कडेला लागली होती आणि पायरीकडे निघाली होती.

त्यांना वळसा घालून कुणीतरी गेलं होतं. वाटेत बसलेल्या म्हाताऱ्याला धक्का लागू नये म्हणून.

संध्याकाळी पुण्याहून लेकीचा फोन आला. अर्पिता दिवसाआड फोन करायची.

"बाबा, परवा गॅस चालू राहिला होता म्हणे."

"कुणी सांगितलं?"

"दूध द्यायला येतात ना, कोंडाबाई. मीच विचारते त्यांना. त्या आपणहून नाही सांगत काही."

"चहा ठेवला होता. विसरलो. तुझी आईसुद्धा विसरायची."

"आई विसरायची तेव्हा तुम्ही होता घरात." ती पुढे म्हणाली, "दसऱ्याला येते मी. इथे एक मेंदूचे डॉक्टर आहेत, नुसत्या टेस्ट करतील. ठीक आल्या तर तुमचं तुम्ही ठरवा, मी पुन्हा शब्द काढणार नाही. नाही आल्या, तर घर बंद करायचं आणि माझ्याकडे राहायचं. चालेल ना?"

सर "बरं" म्हणाले. अंगणात काय चाललंय ते सांगितलं नाही. सांगितलं असतं तर टेस्टची गरजच उरली नसती.

रात्री अंथरुणावर पडल्यावर त्यांच्या ध्यानात आलं की या सौद्यात आणखी एक गोष्ट अडकली आहे. डोकं बिघडलं असेल तर वाटेवरून कुणीही येत नाही. आणि डोकं ठीक असेल तर.

४

कोंडाबाई सकाळी शेळीचं दूध घेऊन यायच्या. त्यांच्या घरची मेंढरं, शेळ्या. नवरा बिरू कळप घेऊन रानोरान हिंडायचा, शेतकऱ्यांच्या वावरात खतासाठी मेंढरं बसवायचा. एक भुरी शेळी कोंडाबाईंच्या पायात पायात असायची. बाई होत्या तेव्हा ती थेट ओसरीपर्यंत येऊन भाकरीचा तुकडा खाऊन जायची.

त्या दिवशीही ती फाटकाशीच अडली. कोंडाबाईंनी दोर ओढला तर चारी पाय रोवून उभी राहिली.

"काय झालं गं तुला, सासरी न्यायलेय का?" कोंडाबाईंनी दोर फाटकाला बांधला आणि एकट्याच आत आल्या. "आठ दिस झाले बगा सर, आत यायचं नावच घेईना. बाभळीचे काटे चघळनारी ही, हिला तुमच्या लाजाळूचं काय भ्या?"

"लाजाळू पुष्कळ जनावरं खात नाहीत," सर म्हणाले. "पान मिटलं की त्यांना वाटतं, वाळलंय."

"मिटल्यालं कुठंय? समदं तर उघडं हाय." पातेल्यात दूध ओतता ओतता त्यांनी सरांच्या तोंडाकडे पाहिलं. "झोप न्हाई का तुमाला? डोळे बगा कशे झालेत. शिकून शिकून म्हातारे झालात, पर वक्तावर जेवायचं काय शिकला न्हाईत."

सर हसले. मग एकदम, स्वतःलाही नकळत, विचारते झाले. "कोंडाबाई, त्या पिठाचं काय म्हणत होता तुम्ही? बाईंच्या वेळी."

कोंडाबाईंनी पातेलं खाली ठेवलं. माणूस गेलं की त्याच्या जागेवर रात्री पीठ पसरायचं, वर दिवा ठेवायचा, पाटी पालथी घालायची. सकाळी पिठावर ठसा बघायचा, पाखराचा पाय, मुंगीची ओळ, काय उमटलं असेल ते. घरोघर करतात. फाल्गुनात कोंडाबाई पिठाची वाटी घेऊन आल्या होत्या आणि सरांनी हात जोडून परत पाठवलं होतं. पिठावर मुंग्या येणारच, म्हणाले होते. त्यात काय पाहायचं.

"आता कशाला त्ये?"

"असंच. पसरलं नाही तर काय होतं?"

"आपल्याला कळत न्हाई, जीव कुठं गेला त्ये." त्यांनी पातेल्यावर झाकण ठेवलं. "आन माजी सासू म्हनायची, जिवालाबी कळत न्हाई. की आपन गेलो. त्ये आपलं रोजचं काम करत राहतंय."

"म्हणजे घरी येतं?"

"घरच्या मानसाचं असलं तर घरी येतंय." कोंडाबाईंनी पदर डोक्यावर ओढला. "पर मी म्हनते, घरात मानूस कमी झालं की कोनबी शिरतंय सर. आढ्याला पाखरू घरटं करतंय, भिताडात साप निघतोय. मोकळी जागा कुनाला नको? चला, येते मी. गॅस बंद करा आठवनीनं, न्हाईतर ताई मलाच बोलत्यात."

फाटकाशी शेळी अजून तशीच उभी होती. मालकिणीकडे तिचं लक्ष नव्हतं. ती ओसरीवरच्या दुसऱ्या खुर्चीकडे पाहत होती.

५

विजयमालाबाईंचा डावा गुडघा गेलेला होता. अलीकडे दहा वर्षं त्या डावा पाय ओढत चालत. वाटेवरून आल्या की उजवीकडची पानं टिपक्याटिपक्यानं मिटायची आणि डावीकडे एक सलग फराटा उमटायचा. ओसरीत बसून सर तो फराटा बघत आणि आज दुखणं किती आहे ते ओळखत. तेल कोमट करून ठेवायचं की नाही, ते त्यावर ठरायचं.

आता सर तो फराटा शोधू लागले.

दुपारी चष्मा पुसून, हात गुडघ्यांवर घट्ट धरून ते बसत. बस जाई. ओळ येई. डावं, उजवं, डावं, उजवं. दोन्ही सारखी. हलकी. कुठेही ओढ नाही, थांबणं नाही, पायरीपाशी धाप नाही.

गुडघे दुखत नसतील आता, सरांनी स्वतःला सांगितलं. हे बोलताना त्यांना बरं वाटलं, आणि लगेच लाज वाटली. जन्मभर पोरांना सांगत आले, निष्कर्ष आधी काढून पुरावा मागून गोळा करू नका. आणि इथे ते काय करत होते? पुरावा समोर होता. तो एवढंच सांगत होता की चालणाऱ्याचे दोन्ही पाय धड आहेत.

त्याच आठवड्यात शेजारच्या खुर्चीची गादी झटकायला घेतली तर तिला लाजाळूच्या शेंगा चिकटलेल्या. लाजाळूची शेंग चपटी, कडेला राठ केसांची. ती येणाऱ्याजाणाऱ्याला चिकटते. मेंढराच्या लोकरीला, धोतराच्या सोग्याला, साडीच्या काठाला. झाडाला पाय नसतात. बी लांब न्यायचं तर चालणारा कुणीतरी लागतो, आणि त्यानं कुठेतरी बसावं लागतं.

गादीच्या कापडावर समोरच्या कडेला त्या ओळीनं होत्या. बसल्यावर पोटऱ्या टेकतात तिथे.

आपल्याच पायजम्याला लागून आल्या असतील. आपणच चुकून त्या खुर्चीत बसलो असू. चुकून बसलो असू आणि विसरलो असू. गॅस नाही का विसरलो? सरांनी शेंगा एकेक करून उपटल्या. हिरव्या होत्या, ओल्या. त्या कुठे टाकाव्यात हे न सुचून त्यांनी मुठीत धरून ठेवल्या, आणि बराच वेळ तसेच ओसरीत उभे राहिले.

६

दसरा जवळ आला आणि ओळ यायची थांबली.

एके दुपारी बस गेली आणि वाफा उघडाच राहिला. सरांना वाटलं, उशीर असेल. ऊन उतरलं, झाडं संध्याकाळची झोपायला लागली, सगळी एकदम, जशी रोज झोपतात. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी सर फाटकापर्यंत जाऊन रस्त्यावर डोकावून आले.

सुटकेचा श्वास टाकायला हवा होता. तो टाकता आला नाही. फाल्गुनात डोळ्यांतून टिपूस निघालं नव्हतं. लोक म्हणाले, सरांचं मन घट्ट. आता ते ओसरीवर बसून, कोऱ्या करकरीत हिरव्या वाफ्याकडे बघत, लहान पोरासारखे रडले. जे काही येत होतं ते दारापर्यंत तरी येत होतं.

अर्पिताला त्यांनी आपणहून फोन केला. "येतो मी. टेस्टही करू. नाहीतरी इथे कुणी नाही."

"बाबा?" ती घाबरली. "बरे आहात ना?"

कपडे भरायला घेतले तेव्हा कपाटाच्या तळाशी कॉलेजच्या निरोप समारंभाचा फोटो सापडला. दुसऱ्या रांगेत बबिता नावाची एक विद्यार्थिनी उभी होती. पोरगी हुशार, प्रश्न विचारून भंडावून सोडणारी. तिच्या वर्गाला सरांनी लाजाळूचा तो प्रयोग करून दाखवला होता. लाजाळूची कुंडी घ्यायची, वीतभर उंचीवरून मऊ गादीवर सोडायची. पानं मिटतात. उघडली की पुन्हा सोडायची. पुन्हा मिटतात. असं करत राहिलं की हळूहळू पानं मिटायची थांबतात. कुंडी पडते, पण पानं उघडीच राहतात.

"दमली का सर?" बबितानं विचारलं होतं.

"दमली म्हणावं तर दुसरा कसला धक्का दे, लगेच मिटतील," सर म्हणाले होते. "दमली नाहीत. यापासून धोका नाही हे त्यांना कळलं. ओळख पटली म्हण ना."

सर हातातला सदरा तसाच धरून खाटेवर बसले.

चाळीस वर्षं हेच शिकवलं. आणि एवढं साधं ध्यानात आलं नाही. पानं मिटायची थांबली याचा अर्थ कुणी यायचं थांबलं, असा होत नाही.

७

त्यांनी कोंडाबाईंना गळ घातली. कॅनॉलच्या कडेला, जिथे त्यांची मेंढरं बसली होती, तिथलं एखादं लाजाळू मुळासकट आणून द्या. हे घर न पाहिलेलं. हे शेवटचं वाक्य ते मनातच बोलले.

"घ्या," कोंडाबाईंनी तेलाचा रिकामा डबा फाटकाबाहेरूनच पुढे केला. त्यात मातीच्या ढेपेसकट एक लहानसं रोप. "वाफा भरून हाय तरी आनखी पायजे. तुमचं तुमाला ठाव." मग आवाज उतरवून म्हणाल्या, "आमी जायलोय सर आता. जिंतूरकडच्या रानात. कळप तिकडं बसवायचाय. ताई न्यायला येनार हायत ना? जावा. गुमान जावा."

रोप सावरेपर्यंत सरांनी त्याला पाणी घातलं, सावलीत ठेवलं. ते टवटवीत झालं तेव्हा डबा नेऊन ओसरीच्या पायरीवर ठेवला आणि खुर्चीत बसले.

बस गेली. वाफा उघडाच राहिला. एक पान हललं नाही. सरांना क्षणभर वाटलं, आपण मूर्ख आहोत.

पायरीवरच्या डब्यातलं रोप शेंड्यापासून बुडापर्यंत मिटलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी डबा ओसरीच्या आत, दाराच्या चौकटीशी ठेवला. तिथेही मिटलं. म्हणजे ते पायरीवर थांबत नव्हतं. पूर्वीही थांबत नसावं. शेवटी, अर्पिता यायच्या आदल्या दिवशी, त्यांनी डबा दोन खुर्च्यांच्या मधे ठेवला. आपला हात खुर्चीच्या हातावरून लोंबू नये म्हणून मांडीवर घेतला. समोर बघत राहिले, शेजारी बघायचं नाही असं ठरवून.

बस गेली. वेळ गेला. समोरची पायवाट हिरवीगार, शांत.

शेजारच्या खुर्चीचा वेत करकरला.

सरांनी नजर खाली डब्याकडे वळवली. रोपाची त्यांच्या बाजूची पानं उघडी होती. पलीकडच्या बाजूची मिटलेली होती. त्यांच्या पाहता पाहता मधलंही एक पान मिटलं, अगदी सावकाश, कुणी गंमत म्हणून बोट फिरवावं तसं, टोकाकडून देठाकडे.

"विजया?" सर म्हणाले.

पुढचं पान मिटता मिटता थांबलं. आणि मग बराच वेळ काहीच झालं नाही. अनोळखी नाव ऐकल्यावर माणूस गप्प बसतो, तसं.

८

अर्पिता आली, दोन्ही खुर्च्या आणि डबा तिनंच उचलून पुढच्या खोलीत ठेवला, खिडक्या लावल्या, कुलूप घातलं. एकच किल्ली, ती सरांच्या खिशात. रोप मरेल, हे सरांना माहीत होतं. तरी त्यांनी डबा तिथेच राहू दिला.

पुण्याच्या डॉक्टरांनी त्यांना घड्याळ काढायला लावलं, शंभरातून सात वजा करत जायला लावलं, मशीनमध्ये झोपवलं. फोटो उजेडात धरून ते म्हणाले, "सर, तुमचं डोकं माझ्यापेक्षा बरं चालतंय. वयाचा विसरभोळेपणा, बाकी काही नाही." अर्पिता तिथेच रडायला लागली, आनंदानं. आयुष्यात कुठल्याही परीक्षेत पास झाल्याचा सरांनी एवढा धसका घेतला नव्हता.

दिवाळी झाली. लेक-जावई सकाळी कामावर जात ते रात्रीच येत. दहाव्या मजल्यावर सर दिवसभर एकटे. दुपारी जेवण झालं की गॅलरीत खुर्ची टाकून बसत. खाली वाहनं, समोर काचा. तिथे कुणी येत नसे. कुणी येतंय असं वाटतही नसे. एके संध्याकाळी ते म्हणाले, "ठरलं होतं तसं, माझं मी ठरवलंय." अर्पितानं दिलेला शब्द पाळला. गाडीत बसवून द्यायला आली तेव्हा एवढंच म्हणाली, "एकट्यानं काय करणार आहात हो तिथे?"

"एकटा कुठंय," सर म्हणून गेले, आणि तिच्या तोंडाकडे पाहून घाईनं म्हणाले, "गाव आहे ना."

पूर्णेला उतरून त्यांनी दुपारची एसटी धरली. रोजची तीच. कंडक्टरनं घरासमोर उतरवलं, बस धुरळा उडवत पुढे गेली.

वाफा वाळून कोळ व्हायला हवा होता. तो हिरवागार होता. परतीचा पाऊस बरा झाला असेल, सर स्वतःशी म्हणाले, आणि फाटक उघडून आत पाऊल टाकलं.

डावीकडची पानं मिटली.

दुसरं पाऊल. उजवीकडची मिटली. सर जपून, फरशीच्या मधोमध चालत होते; कुठे पायजमा घासू देत नव्हते. तरी पानं मिटत होती. ते पोचण्याआधीच पुढची मिटू लागली, मग त्याच्या पुढची, दोन्हीकडची, सगळ्या वाफ्यावरून मिटण्याची एक लाट पायरीपर्यंत सरकत गेली. सर पायरीवर चढून मागे वळले. एकही पान उघडं नव्हतं. सगळं अंगण वाळल्याचं सोंग घेऊन पडलं होतं, जनावर निघून जाण्याची वाट बघत.

कुलूप होतं तसंच होतं. किल्ली फिरली.

पुढच्या खोलीत कोंदट वास नव्हता. दोन खुर्च्या, मधे तेलाचा डबा. डब्यातलं रोप हातभर झालं होतं. त्याला एक गुलाबी गोंडाही आला होता. सरांनी वाकून मातीला बोट लावलं. माती ओली होती. बोट काढायच्या आत रोप मिटलं, सगळंच्या सगळं, दोन्ही बाजूंनी.

सर हळूच सरळ झाले. आपल्या खुर्चीकडे पाहिलं. तिची गादी मधोमध दबलेली होती. गादीच्या समोरच्या कडेला हिरव्या शेंगांची ओळ.

ते तिच्यात बसले नाहीत. दुसऱ्या खुर्चीच्या अगदी कडेला टेकले. चप्पल दाराबाहेर काढून आलो की नाही ते पाहिलं, काढली होती. पिशवी मांडीवर घेतली, तिच्यावर दोन्ही हात ठेवले. परक्याच्या घरी गेलेला पाहुणा बसतो तसे, पाणी विचारायला कुणी येतंय का याची वाट बघत.

आत, स्वयंपाकघरात, माठावरचं झाकण वाजलं.